जमिनीखालचं प्रेशर बघून तेल-गॅस ओळखताय? मग या चुका टाळा

दिंडोरी साइडला ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना ड्रिपचं गेज नवीन नाही, १० मीटर उंच पाणी म्हणजे काटा साधारण १ किलोवर (किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो). तेलाच्या विहिरीत हाच हिशोब उलटा करायचा असतो. खोली माहीत, प्रेशर मोजलं, आता दगडात काय भरलंय ते सांगा. दर १० मीटरला प्रेशर १ किलोच्या आसपास वाढलं तर पाणी, ०.७ ते ०.८५ वाढलं तर बहुतेक तेल आणि ०.१-०.२ च वाढलं तर गॅस. मी काही वर्षं लॉगिंगच्या, म्हणजे तेलविहिरीत टूल सोडून मोजमाप घ्यायच्या कामावर होतो, आता नाशिकला परत आलोय आणि भाचा जिऑलॉजी करतोय, त्याचे प्लॉट, म्हणजे खोली-प्रेशरचे आलेख तपासताना त्याच त्याच चुका दिसतात म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच आकडा बघून "प्रेशर लई आहे, गॅस असणार" असं ठोकून देणं. अहो आपल्याकडे बोअरला १८० फुटांवर पाणी लागतं आणि ६० फुटांपर्यंत वर चढून येतं, ते दोन काळ्या थरांमध्ये कोंडलेलं पाणीच असतं ना? आपली गोदावरी त्र्यंबकहून निघून जिथे समुद्राला मिळते तिथल्या केजी (कृष्णा-गोदावरी) बेसिनमध्ये तर गाळ इतका भराभर साचला की चिखलातल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, म्हणून खाली प्रेशर भयंकर, पण प्रेशर आहे म्हणजे गॅस आहेच असं नाही. आकडा नाही, उतार बघा, म्हणजे दर १० मीटरला प्रेशर किती वाढतं ते. एका पॉइंटला उतार नसतो.

हिशोबासाठी आकडे धरू. १५०० मीटरला १५७.८ किलो, १५१० ला १५८.०, १५२० ला १५८.२, म्हणजे १० मीटरला ०.२, सरळ गॅस. खाली १५५० ला १५९.६५ आणि १५६० ला १६०.६८, म्हणजे १० मीटरला १.०३, हे खारं पाणी. दोन्ही रेषा वाढवल्या की १५४० च्या आसपास भेटतात, तिथे फ्री वॉटर लेव्हल, म्हणजे गॅसचं आणि पाण्याचं प्रेशर सारखं होतं ती पातळी. आता समजा १५२० चा पॉइंट चुकून १५८.८ आला. फक्त ०.६ किलोचा फरक, पण वरच्या पॉइंटपासून उतार झाला ०.८ आणि तुमचा गॅस कागदावर तेल झाला!

हा ०.६ येतो कुठून? टूल केबलवर सोडतात, ते भिंतीला रबरी पॅड दाबून एक बारीक नळी टेकवतं, थोडं द्रव ओढतं आणि प्रेशर परत चढून स्थिर व्हायची वाट बघतं. दगड घट्ट असेल तर मडचं (ड्रिलिंग करताना विहिरीत भरलेल्या चिखलाचं) पाणी आत घुसून तिथेच अडकून बसतं आणि रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येतं, याला सुपरचार्जिंग म्हणतात. आणि प्रेशर पूर्ण चढायच्या आधीच पुढे निघालात तर उलटं, कमी येतं. रात्री तीन वाजता सगळ्यांना घाई असते, मीही असे पॉइंट उचललेत, खोटं कशाला बोलू. पॅड नीट बसला नसेल तर मडचंच प्रेशर येतं, म्हणून प्रत्येक स्टेशनला (मोजायच्या जागेला) आधी आणि नंतर मडचं प्रेशर लिहून ठेवा, रीडिंग त्याच्याशी जुळलं की तो पॉइंट कचऱ्यात. घट्ट दगडाचे पॉइंट वेगळ्या रंगात टाका आणि रेषा काढताना त्यांना मोजू नका.

दुसरी चूक खोलीची. भाच्याने परवा कॉलेज रोडला चहा पिताना लॅपटॉप उघडून दाखवला, १० मीटरला ०.८९, "मामा, जड तेल आहे!" मी विचारलं विहीर सरळ आहे का? ती ३० अंश तिरकी होती. केबलच्या १० मीटरला उभी खोली फक्त ८.६६ मीटर, भागून बघ म्हटलं, तर १.०३ आलं. खारं पाणी. तेलही गेलं तूपही गेलं. समुद्रात एकाच प्लॅटफॉर्मवरून कितीतरी विहिरी तिरक्या जातात, त्यामुळे उभी खोली घेतल्याशिवाय प्लॉटला हातच लावू नका.

गेज (हवेचा दाब सोडून) आणि अब्सोल्यूट (हवेच्या दाबासकट) यांची भेळही नको, त्यात १.०३ किलोचा फरक असतो. वरच्या उदाहरणात गॅसचे आकडे एका पद्धतीचे आणि पाण्याचे दुसऱ्या पद्धतीचे घेतले तर लेव्हल साधारण साडेबारा मीटर सरकते.

आणि जुनं फील्ड असेल तर तारीख बघा. मुंबई हायचा शोध १९७४ चा, १९७६ पासून उत्पादन, मग वर्षानुवर्षं तेल काढलं आणि पाणी आत सोडलं, तिथे एका थराचं प्रेशर उतरलेलं आणि शेजारच्याचं वेगळंच असू शकतं. अशा ठिकाणी वेगवेगळ्या वर्षांचे पॉइंट एकाच रेषेत ओढले की जो उतार येतो तो तेलाचाही नसतो आणि पाण्याचाही नाही. भाच्याच्या पुढच्या शीटमध्ये तारखेचा कॉलमच नव्हता, तो आधी टाकायला लावला.