नकाशावरची नावं अखेर वाचता आली

कल्पित राज्याचा नकाशा हाताने काढल्यासारखा छान जमला होता, पण डोंगरांवरची नावं काही केल्या वाचता येईनात. छायेच्या बारीक रेघांत अनुस्वार हरवत होते; ‘चंदनगड’चा ‘चदनगड’ झाला होता. अक्षरं ठळक केली, तर जोडाक्षरं बुजली.

मग अक्षरं सोडून मागचं चित्रच हलकं केलं. डोंगरांची काळी शाई फिकट तपकिरी केली, कागदाचा पोत पुसट केला आणि प्रत्येक नावाभोवती कागदाच्याच रंगाची, कडा विरलेली किनार दिली. पांढरी किनार देऊ नका, चिकटपट्टी लावल्यासारखी दिसते.

प्रांतांची नावं पसरायला अक्षरांतलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली! तिथे फक्त आकार वाढवला. नद्यांची नावं प्रवाहाला समांतर, निळ्या शाईत.

आता नकाशा निम्मा लहान करून पाहिला तरी चंदनगडचा अनुस्वार दिसतो.