सह्या झाल्यानंतर करार कसा सांभाळायचा: नव्या कक्ष अधिकाऱ्यासाठी

परदेशातल्या एखाद्या प्रांताशी राज्याने केलेल्या सामंजस्य कराराची नस्ती तुमच्या टेबलावर आली असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी पुण्याची, जपानी भाषेची दुभाषी. गेली बावीस वर्षं शिष्टमंडळांबरोबर, उद्योजकांबरोबर, शेतकऱ्यांच्या गटांबरोबर जातेय. दोन्ही बाजूंचं बोलणं माझ्या तोंडून गेलंय, म्हणून गाडी कुठे अडते ते जवळून पाहायला मिळालं. मंत्री बदलले, सरकार बदललं म्हणून करार थंडावतो असं लोकांना वाटतं. मी पाहिलेले बहुतेक करार टेबलावरचा माणूस बदलला तेव्हा थंडावले.

उदाहरण घेते महाराष्ट्र आणि जपानमधल्या वाकायामा प्रांताचं. ऑक्टोबर २०१३ मध्ये दोघांचा सामंजस्य करार झाला. पर्यटन आणि अन्नप्रक्रिया हे त्यातले मुख्य विषय. ओसाकाच्या दक्षिणेला, समुद्र आणि डोंगर यांच्यामधला हा प्रांत. जपानात सर्वांत जास्त मिकान संत्री आणि उमे इथे पिकतात. उमे म्हणजे तिथलं आंबट फळ. ते मिठात मुरवून उन्हात वाळवतात, अगदी आपल्या लोणच्याच्या जातकुळीतलं. आणि डोंगरात कोयासान. कूकाई या भिक्षूला इ.स. ८१६ मध्ये ही जागा मिळाली आणि तिथे शिंगोन पंथाचं, म्हणजे बौद्ध मंत्रयानाचं, पीठ उभं राहिलं.

आधी कागदाची बाजू. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी तह-करार हे दोन्ही विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीत आहेत, नोंद १० आणि १४. म्हणून राज्य जे करतं ते सहकार्याचं लेखी मनोगत असतं, तह नव्हे. मसुदा परराष्ट्र मंत्रालयाला दाखवल्याशिवाय पुढे सरकवू नका. तिथे २०१४ पासून राज्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, त्याच्याशी आधी बोला. आपल्याकडे सामान्य प्रशासन विभागाची राजशिष्टाचार शाखा सुरुवातीपासून सोबत ठेवा. दौरा ठरला की परराष्ट्र मंत्रालयाची "राजकीय मंजुरी" लागते. यजमान म्हणाले, "हॉटेलचं आम्ही बघतो," तर ते परदेशी आदरातिथ्य होतं आणि विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम २०१० च्या कलम ६ प्रमाणे त्याला केंद्राची परवानगी लागते. मंत्री, आमदार, शासकीय कर्मचारी, सगळ्यांना. यजमानांचं पत्र आलं त्याच दिवशी टिपणी टाका. शेवटच्या आठवड्यात धावाधाव केली की यादीतली कामाची माणसं गळतात आणि हौशी तेवढी उरतात.

आता समोरची बाजू ओळखून घ्या. जपानात ४७ प्रांत आहेत. प्रत्येकाचा राज्यपाल थेट लोकांनी निवडलेला, चार वर्षांसाठी. आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नव्हे. अधिकाराच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळ जातो. हे माहीत नसलं की आसनव्यवस्थेपासून घोळ सुरू होतो. प्रांतांच्या परदेश संबंधांना मदत करणारी क्लेअर नावाची त्यांची सामाईक संस्था १९८८ पासून आहे. भारताचं काम तिचं सिंगापूरचं कार्यालय बघतं. मुंबईत जपानचा वाणिज्य दूतावास आहे, जेट्रो या जपानच्या व्यापारवृद्धी संस्थेचं कार्यालय आहे. या तिन्ही ठिकाणी एकदा स्वतः जाऊन किंवा फोनवर ओळख करून घ्या.

त्यांचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच, १ एप्रिल ते ३१ मार्च. पण प्रांताची खाती पुढच्या वर्षाची मागणी शरद ऋतूतच नोंदवतात आणि विधिमंडळ ती फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर करतं. तुमचा प्रस्ताव ऑगस्टमध्ये गेला तर त्याला पैसे मिळतात. जानेवारीत गेला तर गोड शब्दांत पत्र येतं आणि वर्ष जातं.

पहिल्या बैठकीबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं राजशिष्टाचारवाले शिकवतीलच. आपले साहेब मनापासून म्हणतात, "होऊन जाईल." मी ते जपानीत सांगते आणि समोरून प्रश्न येतो, "इत्सु मादे नि?" म्हणजे कधीपर्यंत. साहेब माझ्याकडे बघतात. त्यांच्या मनात तारीख नसते, इच्छा असते, आणि ती खरी असते. उलट बाजूने जपानी अधिकारी म्हणतो, "केन्तो शिमासु," विचार करतो. आपली माणसं ते काम झाल्यात जमा धरतात. बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो. म्हणून दुभाष्याला बैठकीआधी अर्धा तास द्या. कोणती गोष्ट खरंच करायची आहे, कोणती नुसती बोलायची आहे, हे त्याला आधी कळू द्या. बैठक संपल्यावर त्याच संध्याकाळी एक पानाचं इतिवृत्त करा: काम, कोण करणार, तारीख. दोन्ही भाषांत. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी ते त्यांच्याकडून वाचून घ्या.

भेटवस्तू. मे महिन्यात निघालेल्या एका शिष्टमंडळाने हौसेने हापूसच्या पेट्या घेतल्या होत्या. तिकडच्या विमानतळावर त्या सगळ्या ठेवून घेतल्या. भारतीय आंब्यावरची बंदी जपानने २००६ मध्ये उठवली खरी, पण उष्णबाष्प प्रक्रिया आणि तपासणी झालेल्या मालासाठी. सामानातून नेलेली पेटी त्यात बसत नाही. पेट्या नेणारे गृहस्थ स्वतः बागायतदार होते. घरच्या झाडांचे आंबे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. लोणावळ्याची चिक्की न्या, वेगवेगळ्या वेष्टनातली, म्हणजे कार्यालयातल्या प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येते. तिथे तशीच पद्धत आहे. साहेबांसाठी हिमरू शाल. चार नगांचा संच देऊ नका, चारचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. पाचाचा द्या.

जेवणाचं आधी लेखी कळवा. "शाकाहारी" एवढं लिहून भागत नाही, कारण साध्या मिसो सूपमध्येही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. "मासे, मांस, अंडी नाहीत, माशाचा अर्कही नाही" असं स्पष्ट लिहा. कोयासानला ही काळजी मिटते. तिथल्या मठांत मुक्काम करता येतो आणि भिक्षूंचं जेवण मिळतं: तिळाचा तोफू, भाज्या, भात. कांदा-लसूणही नसतो. सोलापूरच्या एका काकूंनी ते जेवून मला सांगितलं, "चातुर्मासात घरी जेवल्यासारखं वाटलं गं."

खरा मुद्दा आता येतो. करारात दहा विषय असतात. त्यातला असा एक निवडा, ज्यात तिकडचा माणूस आणि इकडचा माणूस अधिकाऱ्यांशिवाय बोलू शकेल.

मी काटोलच्या संत्रा बागायतदारांबरोबर वाकायामातल्या एका मिकान बागेत गेले होते. उतारावरची बाग, झाडं कमरेएवढी, आणि जमिनीवर सगळीकडे पांढरं कापड अंथरलेलं. आमच्यातल्या एकाने विचारलं, हे काय? बागमालक म्हणाले, पावसाचं पाणी मुळांशी जाऊ नये म्हणून; पाणी तोडलं की फळ गोड होतं, शिवाय कापडावरून उजेड खालच्या फळांवर पडतो. मी वाक्य पुरं करायच्या आत आमचे भाऊ म्हणाले, "म्हणजे ताण देतात!" आपण ताण देतो तो बहार धरायला, फुलं यावीत म्हणून. ते देतात फळ गोड व्हावं म्हणून. मला ताणासाठी जपानी शब्द सापडेना, तर बागमालकच म्हणाले, "सुतोरेसु." मग पुढचा तासभर माझी फारशी गरज उरली नाही. एकाने काडीने मातीत मुळांचं चित्र काढलं, दुसऱ्याने ते खोडून आपलं काढलं. कागदावर "अन्नप्रक्रिया क्षेत्रात सहकार्य" असं जे लिहिलेलं असतं, ते त्या मातीत मला पहिल्यांदा दिसलं. परत आल्यावर नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा पत्ता मी त्या बागमालकांना पाठवला. असा दुवा तुम्ही नस्तीवर आणा, म्हणजे तो माझ्यासारखीच्या वहीत अडकून राहणार नाही.

दुसरा दुवा कोयासानचाच. १० सप्टेंबर २०१५ रोजी कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. पुतळे पुष्कळ उभे राहतात. हा जिवंत आहे, कारण इथे दीक्षाभूमीवर जाणारी लाखो माणसं आहेत आणि त्यांच्यापैकी कुणी जपानला गेलं तर तिथे थांबावंसं त्याला वाटतं. ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जायचं, पुढे दोरखंडाने ओढली जाणारी गाडी चढ चढते. वर देवदारासारख्या उंच झाडांत हजारो समाध्या आहेत आणि दगडांवर सिद्धम लिपीतली संस्कृत अक्षरं. तिथे "अ" या एका अक्षरावर ध्यान करतात. एका जिल्हा परिषदेतल्या शिक्षिकेला मी ते अक्षर दाखवलं, तर त्या बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पहिलीच्या पोरांना मी रोज हेच गिरवायला देते." पर्यटनाचं पत्रक करायचं असेल तर अशा माणसांना विचारून करा.

वाकायामातल्या कुमानो कोदो या जुन्या यात्रामार्गाकडून आणखी एक शिका. वाकायामाने १९९८ मध्ये स्पेनमधल्या गालिसिया प्रांताशी नातं जोडलं. दोघांकडे शेकडो वर्षं जुन्या पायी यात्रेच्या वाटा आहेत. पुढे २०१५ पासून दोन्ही वाटा चालणाऱ्यांची "दुहेरी यात्रेकरू" म्हणून नोंद होऊ लागली, शिक्के मारायच्या सामाईक पुस्तिकेसह. किती साधी गोष्ट! कुणीही ती खिशात घालून चालू शकतो. आपल्याकडे पंढरीची वारी आहे आणि या करारातला पर्यटनाचा विषय अशाच एखाद्या साध्या गोष्टीची वाट बघतोय, असं मला मनापासून वाटतं.

आता बदली. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ असतो, बदल्या एप्रिल-मेमध्ये निघतात. जपानी प्रांतात माणूस दोन-तीन वर्षांनी हलतो, १ एप्रिलला, आणि नव्या जागेची बातमी त्याला जेमतेम काही दिवस आधी मिळते. म्हणजे एकाच उन्हाळ्यात दोन्ही टेबलं रिकामी होऊ शकतात. दुसऱ्याच एका करारात मी हे अनुभवलं. आमच्याकडून पाच महिने ईमेल जात होते, ज्या अधिकाऱ्याला जात होते ते कधीच मत्स्यव्यवसाय खात्यात गेले होते. कुणाचा हेतू वाईट नव्हता. तरी ठरलेली विद्यार्थ्यांची भेट रद्द झाली आणि ज्या मुलींनी वर्षभर जपानी शिकून तयारी केली होती त्यांना ते सांगायला मी गेले होते. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्वतः फोन करा. वेळ साडेतीन तास पुढे आहे, सकाळी नऊला केलात तर तिथे साडेबारा वाजलेले असतात, जेवणाची सुट्टी; दहानंतर करा. "एप्रिलनंतर कोण असेल?" हे सरळ विचारा, ते रागावत नाहीत. पत्रव्यवहार व्यक्तीच्या पत्त्याबरोबर कक्षाच्या सामाईक पत्त्यावरही ठेवा.

तुमची बदली झाली तर कार्यभार देताना दोन पानी टिपण द्या, नस्तीच्या अगदी वर. चालू कामं आणि तारखा. तिकडच्या तीन माणसांची नावं, उच्चारासह देवनागरीत. कोण इंग्रजी बोलतो, कोणाला दुभाषी लागतो. कोणता विषय दोनदा काढून फसला. आणि डिसेंबरचं पान वेगळं ठेवा. जपानात नववर्षाची पोस्टकार्डं १ जानेवारीलाच घरोघरी पोचतात, तुमचंही पोचवायचं असेल तर लवकर टाका. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिकडून राखाडी किनारीचं एखादं कार्ड आलं, तर त्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं आणि त्यांना नववर्षाच्या शुभेच्छा पाठवायच्या नसतात. त्या नावापुढे खूण करा. ७ जानेवारी उलटली की थंडीची विचारपूस करणारं साधं कार्ड त्यांना पाठवा, फेब्रुवारी लागायच्या आत, तुमच्या हाताने दोन ओळी लिहून.