फ्रँचायझीची ऑनलाइन चौकशी करताय? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

एका ब्रँडची फ्रँचायझी विचारायला फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवसापासून भलत्याच दहा कंपन्यांचे फोन सुरू झाले, असं खूप जणांचं होतं. कारण शेकडो ब्रँड एकत्र दाखवणाऱ्या बऱ्याच साइट्सचा धंदाच लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांची माहिती, विकायचा असतो, तुमचा एक फॉर्म कितीतरी ठिकाणी जातो. त्यात फ्रँचायझी विचारणारा म्हणजे गाठीशी पैसे असलेला माणूस, त्यामुळे ही माहिती फसवणाऱ्यांनाही हवीच असते.

म्हणून आधी चौकशीसाठी वेगळा ईमेल ठेवा. जीमेल असेल तर नवीन खातंही काढायला नको, आयडीत ॲटच्या चिन्हाच्या आधी प्लस टाकून त्या साइटचं नाव लिहायचं, मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येतो आणि उद्या त्याच पत्त्यावर तिसऱ्याच कंपनीचा मेल आला की माहिती कुठून फुटली ते लगेच कळतं. काही फॉर्म प्लस घेत नाहीत, तिथे दुसरा आयडी द्या. फोन नंबरपण जमलं तर दुसरा द्या, बँकेला जोडलेला तर नकोच.

आता साइट खरी आहे का ते बघा, आणि इथे घाई करू नका प्लीज. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसतं ती बरेचदा जाहिरात असते, आणि नावाजलेल्या ब्रँडच्या नावाने खोटी फ्रँचायझी साइट काढून लोकांना लुटणं सर्रास चालतं. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. डॉट कॉमच्या लगेच आधीचा शब्द महत्त्वाचा, ब्रँडचं नाव सुरुवातीला आणि डॉट कॉमच्या आधी भलतंच काही असेल तर पान बंद करा. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी टाकले की एमसारखे दिसतात, ही युक्ती पण वापरतात. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, त्याचा अर्थ कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधल्या कोणाला माहिती वाचता येत नाही, एवढाच, समोरचा खरा आहे असा नाही. हूइज लुकअप म्हणजे डोमेनची (साइटच्या पत्त्याची) नोंद शोधणं, ते करून डोमेन कधी घेतलंय ते बघता येतं, ब्रँड वीस वर्षं जुना आणि डोमेन गेल्या महिन्यातलं असेल तर समजून जा.

फॉर्ममध्ये नाव, ईमेल, कुठल्या भागात सुरू करायचंय आणि गुंतवणुकीचा अंदाज, बास. जन्मतारीख, ओळखपत्र, बँक स्टेटमेंट, सही यातलं काहीही पहिल्या चौकशीला लागत नाही. स्टार नसलेले रकाने रिकामे सोडा, आणि खाली ‘पार्टनर कंपन्यांना माहिती देण्यास संमती’ अशी आधीच टिक केलेली चौकट असते, तिथली टिक काढा.

माझं स्पष्ट मत आहे, आधी त्यांनी कागद द्यावेत मग आपण. अमेरिकेत तर नियमच आहे, सही करायच्या किंवा पैसे भरायच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने खुलासापत्र, म्हणजे स्वतःची आणि फ्रँचायझीची माहिती देणारा कागद, द्यायलाच लागतं, त्यात २३ मुद्दे असतात. तुमच्याकडे असा नियम नसला तरी मागायला काय हरकत आहे? खरी कंपनी पुढे आर्थिक कागद मागते हे बरोबर आहे, पण ते करार जवळ आल्यावर. तेव्हाही ओळखपत्राच्या कॉपीवर आडवं लिहा, ‘फक्त अमुक कंपनीच्या फ्रँचायझी अर्जासाठी’, खाली तारीख, आणि स्टेटमेंटमधला खाते नंबर शेवटचे चार आकडे सोडून झाका.

फोनवर कोणी म्हणालं की तुमचा एरिया आजच बुक करा, ओटीपी सांगा, नाहीतर स्क्रीन शेअर करा, तर फोन ठेवा आणि ब्रँडच्या मूळ साइटवरचा नंबर स्वतः शोधून लावा.

विचार बदलला तर माहिती डिलीट करा असा मेल टाका. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामध्ये असं मागायचा हक्कच आहे, बाकी ठिकाणी पण बऱ्याच कंपन्या ऐकतात. तो मेल जपून ठेवा, परत फोन आला तर तारखेसकट दाखवता येतो.