दोन अ‍ॅम्प्लिफायर ऐकून निवडताना आधी आवाज जुळवा

किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर कानाला ‘मोठा’ वाटतच नाही. तो जास्त मोकळा, जास्त जिवंत वाटतो. आवाज वाढला की खर्जाला आपला कान अधिक जागा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. कित्येक परीक्षणांतलं कौतुक मला म्हणूनच कच्चं वाटतं.

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साधा मल्टीमीटर मिळतो, तो घ्या. एसी व्होल्टवर ठेवून ४०० हर्ट्झचा स्थिर स्वर हळू आवाजात लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. (दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.) दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर तेवढंच व्होल्टेज आणा, फरक १ टक्क्याच्या आत. म्हणजे साधारण ०.१ डेसिबल.

मग तानपुऱ्यासह गायन लावा, आणि कोणता चालू आहे ते न सांगता घरच्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा. निदान दहा वेळा. प्रत्येक वेळी उत्तर कागदावर लिहा. पाच-सहाच बरोबर आली, म्हणजे नुसत्या अंदाजाइतकीच, तर खुशाल स्वस्तातला घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला. तिथले फरक मोजमापातही दिसतात आणि कानालाही कळतात.