स्कॉटलंडमधलं जुनं शेतघर दुरुस्त करताय? सिमेंटची गोणी फोडण्याआधी या चुका टाळा

एकच खोली रुंदीचं बुटकं घर, दोन्ही टोकांच्या भिंतींवर धुरांडी, मागे गोठे आणि कोठारांचा चौक. आयर्शायरपासून ॲबरडीनशायरपर्यंत अशी शेतघरं पदोपदी दिसतात आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही त्यांचा मोह पडतोच. घर ताब्यात आलं की पहिली तक्रार ठरलेली: ओल. गंमत म्हणजे ओलीवर घाईघाईने केलेले बरेच उपाय ती वाढवणारेच असतात.

भिंतीवर सिमेंट

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ही भिंत साधारण 60 सेंटिमीटर जाड असते, पण सलग नसते. बाहेर एक आणि आत एक असे अनघड दगडांचे दोन थर, मधे बारीक दगड, माती, चुना यांची भर. पावसाचं पाणी तिच्यात शिरणारच, आणि वारा सुटला की चुन्याच्या सांध्यांतून ते बाहेर जाणार, हे धरूनच ती बांधलेली आहे. सांध्यांत सिमेंट भरलं की बाहेर पडायची वाट बंद होते. मग पाणी दगडातून वाट काढतं, थंडीत गोठतं आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा शाबूत आणि मधले दगड आत खचलेले, असं उलटं चित्र दिसतं. कोकणात जांभ्याच्या जुन्या घराला सिमेंटचा गिलावा झालेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको.

मातीच्या भिंतीला तर सिमेंट घातकच. अशाही भिंती स्कॉटलंडमध्ये आहेत. कवी रॉबर्ट बर्न्स जिथे जन्मला ते ॲलोवेचं घर त्याच्या वडिलांनी 1757 मध्ये स्वतः मातीने बांधलं. 1759 च्या जानेवारीत बाळ झालं आणि काही दिवसांतच वादळाने टोकाच्या भिंतीचा भाग पाडला! घर आजही उभं आहे. पण अशा भिंतीवर सिमेंटचा थर दिला, तर आतली माती भिजून कधी मऊ पडली ते बाहेरून कळत नाही.

दगड उघडा करण्याची हौस

चुना, वाळू आणि बारीक खडी यांचं ओलं मिश्रण भिंतीवर फेकून मारायचं, याला तिकडे हार्लिंग म्हणतात. ते काढून खाली लपलेला 'सुंदर दगड' दाखवायची टूम बरीच पसरली आहे. पण तो अनघड दगड बहुतेक ठिकाणी दाखवायसाठी नव्हताच. कोपऱ्याचे आणि खिडक्यांच्या चौकटीचे घडीव दगड तेवढे दिसायचे, बाकीच्यावर हार्लिंग असायचं. ते काढलं की पश्चिमेचा तिरपा पाऊस थेट सांध्यांवर येतो.

ओल मोजायचं यंत्र आणि इंजेक्शन

पिना टोचून मोजायचं यंत्र लाकडासाठी बनवलेलं असतं. क्षार असलेल्या भिंतीवर त्याचा आकडा चढतोच. त्यावर विसंबून कुणी पायथ्याशी भोकं पाडून रसायन भरायला सांगितलं, तर मधल्या पोकळ-भरीव थरात त्या रसायनाची सलग रेघ तयार कशी होणार, एवढं विचारा. त्याआधी भर पावसात छत्री घेऊन घराला चक्कर मारा. पन्हळ कुठे वाहून जातेय, छताच्या कडेचा सिमेंटचा पट्टा कुठे फुटलाय, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किती वर आलीय, ते बघा. शंभर वर्षांचं शेण, खडी आणि डांबर साचून ती हातभर चढलेली असू शकते. ती उतरवा, पण जपून. पाया म्हणून खाली नुसते मोठे दगड मांडलेले असतात, त्यांच्याखाली खणू नका.

स्लेट टाकून देणे

स्लेट, म्हणजे छपरावरची पातळ दगडी पाटी, घसरली म्हणून सगळं छप्पर बदलायला निघू नका. बहुतेक वेळा खिळा गंजलेला असतो, स्लेट ठणठणीत असते. बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठेवा, बद्द वाजली तर काढा. बॅलहुलिशची स्लेटची खाण 1955 मध्ये बंद झाली, त्यामुळे तसा माल आता जुन्या छपरांवरूनच मिळतो. लावण्याची पद्धतही सांभाळा. पन्हळीपाशी मोठ्या, वर जाताना लहान होत जाणाऱ्या, आणि प्रत्येक शेजारी शेजारी बसवलेल्या फळ्यांवर वरच्या टोकाला ठोकलेली. फळ्यांमधल्या बारीक फटीतून छताला हवा लागते. तिथे आतून फोम फवारला की लाकूड कुजायला वेळ लागत नाही.

लाल गंजका पत्राही लगेच ओरबाडू नका. किलिनजवळच्या मॉयरलॅनिक लाँगहाउससारख्या घरांत पत्र्याखाली जुनं गवती छप्पर टिकून राहिलं आहे.

गोठ्याला नुसती 'जादा जागा' समजणे

माझ्या मते घरापेक्षा हा मागचा चौक जास्त बोलका असतो, आणि नासधूस त्याचीच जास्त होते. खाली कमानींची गाडीशाळा आणि वर धान्याची कोठी असते, कारण उघड्या कमानींतून वारा खेळला की धान्य कोरडं राहतं. कमानी काचेने बंद केल्या की वरची फळी दमट होते. कोठाराला समोरासमोर दोन दारं दिसतील, ती वाऱ्यावर धान्य उफणण्यासाठी. कोठाराला चिकटलेली गोल किंवा अष्टकोनी खोली दिसली तर ती घोड्यांची: अँड्र्यू मीकलने 1786 च्या सुमारास मळणीयंत्र आणलं, आणि ते फिरवणारे घोडे त्या छताखाली गोल गोल चालायचे. ती पाडून गाड्या लावायला जागा करणाऱ्यांना काय म्हणावं!

गोठ्याची खोली केली की एक वेगळीच भानगड निघते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोमूत्राचे क्षार भिंतीत मुरलेले असतात, आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतात. जिप्समचा गिलावा थेट चढवला, तर पावसाळी हवेत गुरं बांधायच्या उंचीवर तपकिरी डाग पुन्हा पुन्हा उमटतात. रंग मारून ते जात नाहीत. भिंतीपासून हवेची फट सोडून आतून पट्ट्या ठोका आणि त्यांच्यावर अस्तर द्या.

परवानगी नंतर बघू

घर संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत असेल (वर्ग ए, बी किंवा सी), तर त्याच्या आवारातल्या 1 जुलै 1948 पूर्वीच्या इमारतींनाही सहसा तेच संरक्षण लागू होतं. परवानगी न घेता यादीतल्या वास्तूत फेरफार करणं हा गुन्हा आहे. छतात वटवाघळं असतील तर कायदा आणखी कडक, त्यांना हुसकावण्यापूर्वी परवाना लागतो. कौन्सिलकडे आधी विचारा.

आणि चुन्याचं काम ऑक्टोबरच्या शेवटी काढू नका. पारा 5 अंशांखाली गेला की ताजा चुना नीट धरत नाही, आणि गोठला तर वसंतात पापुद्र्यांनी गळून पडतो. कारागीर आत्ताच मोकळा आहे म्हणून घाई करत असेल, तर त्याला एप्रिलची तारीख द्या.