दख्खनच्या मातीत गवतांची आणि बहुवर्षायू फुलझाडांची बाग

गवते आणि बहुवर्षायू फुलझाडे एकत्र लावून केलेल्या युरोपीय बागांची छायाचित्रे पाहिली की तशी बाग आपल्या अंगणातही असावी असे वाटते; पण तिथल्या रोपांची यादी जशीच्या तशी पुण्यात किंवा अहिल्यानगरकडे लावली, तर दुसऱ्या उन्हाळ्यानंतर हाती फारसे काही उरत नाही. तिथली बाग थंडीत निजते, आपली एप्रिल-मेच्या उन्हात. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड, या चक्राला सरावलेली माळरानावरची गवतेच आपल्या बागेचा पाया असली पाहिजेत.

पुढील मांडणी २० बाय १५ फुटांच्या, दिवसभरात निदान सहा तास ऊन लाभणाऱ्या वाफ्यासाठी आहे. एप्रिलमध्ये जागा साफ करून तिला दोन-तीनदा भरपूर पाणी द्यावे, उगवलेले तण मुळासकट उपटावे आणि पंधरा दिवसांनी हेच पुन्हा करावे. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण पहिल्या पावसाळ्यात तण आणि गवताचे कोवळे रोप यांतला फरक जाणकारालाही चटकन कळत नाही. जमीन मुरमाड असेल तर उत्तमच. शेणखत घालण्याचा मोह मात्र आवरावा. मी पहिल्या वर्षी हौसेने घमेलीच्या घमेली खत घातले आणि गणपतीतल्या पावसात सगळे मारवेल भाताच्या पिकासारखे लोळले.

गवतांत मारवेल, पवन्या आणि डोंगरी ही तीन पुरेशी आहेत. ती साधारण दोन ते तीन फूट वाढतात, ठोंबाने, म्हणजे एकाच जागी झुपक्याने, वाढत असल्यामुळे हरळीसारखी सर्वत्र पसरत नाहीत आणि पावसाळा सरताना त्यांना तुरे येतात. मृगाचा पाऊस जमिनीत चांगला मुरल्यावर ठोंब लावणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पाणी साचते किंवा माती वाहून जाते अशा कडेला वाळा लावावा. त्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात. कुसळी हे गवत दिसायला देखणे असले तरी ते पायवाटेपासून दूर असावे. त्याचे एक वाळलेले कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर ते हळूहळू स्वतःभोवती फिरू लागते. याच पिळाने ते बी मातीत रुतवते आणि त्याच कौशल्याने आपल्या मोज्यांतही शिरते.

साधारण निम्मी जागा गवतांना देऊन उरलेल्या जागेत फुलझाडे अशी निवडावीत की वर्षभर काहीतरी फुललेले राहील. पावसाळ्यात रानहळद आणि कळलावी फुलतात, मात्र कळलावीचा कंद अत्यंत विषारी असल्याने घरात लहान मुले असल्यास ती वगळावी. पावसानंतर कोरांटी, थंडीत अडुळसा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी धायटी फुलते. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, हमखास येतात. केवळ मधावर भागत नाही, फुलपाखरांच्या अळ्यांनाही खाद्य हवे, म्हणून चित्रक आणि कोपऱ्यात एखादी रुई लावावी. रुईची पाने अळ्यांनी कुरतडली तर औषध फवारू नये, कारण ती पाने त्यासाठीच आहेत. घाणेरी आणि केशरी कॉसमॉस रोपवाटिकेत सहज मिळतात, पण दोन्ही परदेशी असून कुंपणाबाहेर पसरतात. कास किंवा अन्य पठारांवरून रोपे उपटून आणणे तर सर्वस्वी अयोग्य आहे. उथळ मातीची ती रोपे आपल्या वाफ्यात जगतही नाहीत.

दीड फूट अंतर धरल्यास सुमारे १३० रोपे लागतात. एकाच जातीची तीन, पाच किंवा सात रोपे जवळ लावावीत आणि तोच पुंजका थोड्या अंतरावर पुन्हा यावा, रांगा टाळाव्यात. विरळ तुऱ्यांची गवते पुढेही चालतात, कारण त्यांच्यातून मागची फुले दिसतात. घराच्या भिंतीलगत तीन फुटांची पट्टी मोकळी ठेवावी; सापाची भीती आणि वाळल्या गवताची आग या दोन्ही शंका शेजारी काढणारच, आणि त्या रास्त आहेत. थोडी जमीन उघडी ठेवल्यास पोळे न करता मातीत एकेकट्या घर करणाऱ्या मधमाश्यांची सोय होते. पाण्याच्या उथळ थाळीत दगड ठेवावेत आणि डासांमुळे पाणी दर दोन दिवसांनी बदलावे.

खरी कसोटी दिवाळीच्या आधी लागते. गवत पिवळे पडू लागते आणि प्रत्येक जण कापण्याचा सल्ला देतो. आमच्याकडे एकदा साफसफाईला आलेल्या माणसाने मला न विचारता अर्धा वाफा सपाट केला होता. त्या हिवाळ्यात उरलेल्या अर्ध्या भागातच मुनियांचे थवे उतरत, बारीक देठ त्यांच्या वजनाने वाकत आणि दाणे टिपून झाले की सरळ होत. म्हणून कोयता मेपर्यंत बाहेर काढू नये. मेच्या मध्यास निम्मा वाफा जमिनीपासून चार ते सहा इंचांवर कापावा आणि उरलेला महिनाअखेरीस, म्हणजे किड्यांना आसरा बदलायला अवधी मिळतो. कापलेले गवत जाळू नये. त्याचे तुकडे करून ठोंबांच्या मध्ये पातळ पसरावे आणि काही पोकळ देठांची जुडी बांधून किड्यांच्या आसऱ्यासाठी कुंपणाला आडवी टांगावी.