घरचा फोटो प्रिंटर महाग पडतोय? या चुका टाळा

फोटो प्रिंटर घेतलेल्या माणसाची तक्रार सहसा एकच असते: शाई फार लवकर संपते. मग तो स्वस्त शाई शोधायला लागतो. पण शाईचा दर हा खर्चाचा एक भाग झाला. संपलेल्या शाईतली किती कागदावर पोचली आणि निघालेल्या फोटोंतले किती ठेवण्याजोगे होते, हे फारसं कुणी बघत नाही. हेड (शाई फवारणारा भाग) साफ करताना वाया गेलेली शाई, कागदाच्या कडेबाहेर उडालेली शाई, रंग चुकला म्हणून फेकलेला ग्लॉसी कागद, हे सगळं शेवटी चांगल्या निघालेल्या फोटोंच्याच खात्यावर चढतं. खालच्या बहुतेक चुका या गळतीच्याच आहेत.

खोक्यावरचा आकडा फोटोंचा समजणे

कार्ट्रिजच्या खोक्यावर अमुक इतकी पानं निघतील असं छापलेलं असतं. हा आकडा साधारणपणे आयएसओ/आयईसी २४७११ या मानकानुसार काढतात. मजकूर आणि चित्रं असलेली ठरावीक पाच पानं साध्या ए४ कागदावर, कार्ट्रिज संपेपर्यंत पुन्हा पुन्हा छापायची, अशी ती चाचणी. त्या पानांवर कोरी जागा भरपूर असते. फोटोत ती जवळजवळ नसतेच, फिकं आकाशसुद्धा शाईनंच भरावं लागतं. फोटोंसाठी २९१०२ हे वेगळं मानक आहे आणि काही कंपन्या १०×१५ सेंमी फोटोंचा आकडाही देतात, पण तो खोक्यावर ठळक नसतो, तळटिपांत शोधावा लागतो. प्रिंटर निवडताना तोच बघा.

दुसरी गोष्ट, चाचणीत छपाई सलग चालते. घरी आपण दोन फोटो काढतो आणि मग तीन आठवडे प्रिंटरकडे बघतही नाही. मधल्या काळात आणि पुन्हा सुरू करताना प्रिंटर स्वतःच्या साफसफाईला शाई वापरतो. नव्या प्रिंटरसोबत आलेल्या पहिल्या शाईवरून तर कुठलाच अंदाज बांधू नका. हेड आणि नळ्या भरण्यातच तिचा बराच भाग जातो.

स्वतःचा आकडा काढायला सोपा उपाय आहे. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या. नवं कार्ट्रिज सील काढून बसवण्याआधी त्याचं वजन करा आणि मार्करनं त्याच्यावरच लिहून ठेवा. संपल्यावर पुन्हा वजन करा. शाई पाण्याहून किंचितच जड असते, त्यामुळे घरगुती हिशेबाला एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायला हरकत नाही. सगळ्या रंगांचे फरक एकत्र करा आणि त्या काळात ठेवलेल्या फोटोंच्या संख्येनं भागा. छापलेल्या नव्हे, ठेवलेल्या. येणारा आकडा पहिल्यांदा बघून धक्का बसतो. मात्र उत्सुकतेपोटी मध्येच कार्ट्रिज काढून वजन करू नका, कारण अनेक प्रिंटर कार्ट्रिज परत बसवलं की पुन्हा थोडी शाई ओढतात. टँकवाल्या प्रिंटरला (ज्यात कार्ट्रिजऐवजी बाटलीतली शाई टाकीत ओततात) टाकीच्या पातळीवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावली की भागतं.

रेघ दिसली की क्लीनिंग

सगळ्यात महाग चूक ही. फोटोत काहीतरी बिनसलं की लोक थेट हेड क्लीनिंगचं बटण दाबतात. एकदा, दोनदा, मग चिडून पाच वेळा. क्लीनिंग म्हणजे नोझलमधून, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांतून, शाई जोरानं ओढून बाहेर टाकणं. ती सगळी वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) किंवा मेंटेनन्स बॉक्समध्ये (ती साठवणाऱ्या डब्यात) जाते. अनेक प्रिंटरांत एका रंगाचं नोझल अडकलेलं असलं तरी सगळ्या रंगांची शाई जाते. डीप क्लीनिंग किंवा पॉवर क्लीनिंग तर साध्या क्लीनिंगच्या कितीतरी पट शाई पितं.

म्हणून आधी दुखणं ओळखा. फोटोत समान अंतरावर बारीक पांढऱ्या रेघा असतील किंवा एखादा रंगच गायब असेल, तर नोझल अडकल्याची शक्यता आहे. सगळा फोटो सारखाच लालसर किंवा हिरवट दिसतोय, पण रेघ एकही नाही? मग बहुधा सेटिंगचा घोळ आहे आणि शंभर क्लीनिंग केली तरी तो तसाच राहील. कडा दुहेरी दिसत असतील, सरळ रेषा पायऱ्यांसारखी तुटत असेल, तर हेड अलाइनमेंट करा. त्याला शाई नगण्य लागते.

नोझल अडकलंय की नाही हे नोझल चेकचं पान सांगतं. ते साध्या कागदावर काढा, ग्लॉसी वाया घालवू नका. त्यातल्या पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाहीत आणि नेमका पिवळा अर्धवट अडकलेला असला की त्वचेचे रंग का बिघडतात ते कळत नाही. फोनच्या स्क्रीनवर गडद निळं चित्र उघडा, खोलीतला दिवा मालवा आणि त्या निळ्या उजेडात पान धरा. पिवळी शाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे त्या रेघा काळ्या होऊन उठून दिसतात. तुटलेली रेघ लगेच सापडते.

रेघ तुटलेली असेल तर एक साधं क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. सुधारणा दिसली तर आणखी एक. त्यानंतरही तसंच असेल तर हात आवरा आणि प्रिंटर बंद करून ठेवा. काही मॅन्युअलमध्ये १२ तास थांबायला सांगितलेलं असतं, काहींत २४. त्यामागे कारण आहे: नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा तेवढ्या वेळात निघून जायला वाव मिळतो, वाळलेली शाईही थोडी सैल होते. बऱ्याचदा नोझल अडकलेलं नसतं, हवा शिरलेली असते. अशा वेळी लागोपाठ क्लीनिंग केल्यानं परिस्थिती चिघळते. प्रिंटरमध्ये फक्त काळा किंवा फक्त रंगीत गट साफ करायची सोय असेल तर तीच वापरा. टँकच्या प्रिंटरला पॉवर क्लीनिंग करण्याआधी टाक्यांची पातळी बघा. काही मॉडेलांना त्या निदान एक तृतीयांश भरलेल्या लागतात, नाहीतर शाईऐवजी हवाच ओढली जाते.

आणि वेस्ट पॅडचा वेगळा खर्च विसरू नका. प्रिंटर त्याच्याकडे गेलेल्या शाईची मोजदाद ठेवतो आणि मर्यादा गाठली की छपाई थांबवतो. बऱ्याच नव्या मॉडेलांत मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो, बाकीच्यांत सहसा सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. विकत घेतानाच याची चौकशी करावी, फार थोडे जण करतात.

वीज वाचवायला प्लग काढणे

स्टँडबायमधला इंकजेट साधारण एक वॅट खातो. वर्षभर चालू ठेवला तरी नऊ युनिटसुद्धा होत नाहीत. उलट एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण दाबून वीज तोडली, तर हेड जागेवर जाऊन टोपीखाली झाकलं गेलंच असेल याचा भरवसा नाही. उघडं राहिलेलं हेड वाळतं आणि पुढे वर सांगितलेलं क्लीनिंगचं रामायण सुरू होतं. बंद करायचा तर प्रिंटरच्याच बटणानं करा आणि खडखड थांबेपर्यंत वाट बघा. आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळे रंग असलेलं एक छोटं चित्र साध्या कागदावर काढलं की नोझल मोकळी राहतात. त्याला लागणारी शाई एका क्लीनिंगच्या मानानं किरकोळ असते.

स्क्रीनवर दिसतं तसंच निघेल असं धरून चालणे

फेकलेल्या फोटोंचं सगळ्यात मोठं कारण शाई नसून स्क्रीनचा उजेड असतो. मॉनिटर किंवा फोन पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून फोटो ठीक केला की कागदावर तो काळपट येतो. मग पुन्हा काढा, जरा उजळून आणखी एकदा काढा. तीन कागद गेले. त्यापेक्षा स्क्रीनचा उजेड कमी करा, इतका की शेजारी धरलेला पांढरा कागद आणि स्क्रीनवरचं कोरं पान साधारण सारखं उजळ दिसेल. मोठा फोटो काढायचा असेल तर त्यातल्या चेहऱ्याचा आणि सावलीच्या भागाचा तुकडा कापून, तीन-चार वेगवेगळ्या उजेडांत, एकाच छोट्या कागदावर शेजारीशेजारी काढून बघा. त्यातला आवडलेला उजेड धरून मग ए४ काढा.

रंगांबाबत एक नेहमीचा गोंधळ म्हणजे फोटोच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रोफाइल (कागद-शाईनुसार रंग जुळवणारी फाइल) निवडायचं आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही) रंगसुधारणा चालू ठेवायची. दोघांनी एकाच रंगावर हात फिरवला की चेहरे भाजल्यासारखे लाल होतात. एकच ठेवा, दुसरं बंद.

आकाराचं गणितही आधीच बघा. फोनचे फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतात आणि ४×६ इंचाचा कागद ३:२ प्रमाणात. म्हणजे कागद पूर्ण भरायचा तर फोटोची सुमारे ११ टक्के उंची कापली जाणार. ती कुठून कापायची हे तुम्ही ठरवलं नाही तर प्रिंटर ठरवतो आणि मागच्या रांगेतल्या लोकांची डोकी जातात. तसंच, मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला दाबलेला फोटो छोट्या आकारात चालून जातो, ए४ वर भुरकट दिसतो. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ए४ च्या लांब बाजूवर पसरला की इंचाला १४० पिक्सेलसुद्धा उरत नाहीत. मूळ फाइल मागवून घ्या.

कागद आणि सेटिंग यांची फारकत

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार निवडतो तेव्हा आपण खरं तर शाई किती आणि कोणती पडणार हे ठरवत असतो. ट्रेमध्ये ग्लॉसी आणि सेटिंग ‘साधा कागद’, असं झालं की अनेक प्रिंटर पिगमेंट (बारीक रंगकणांची) काळी शाई वापरतात. ती ग्लॉसीच्या लेपात मुरत नाही, वरच बसते आणि बोटाला लागते. उलट साध्या कागदाला फोटोचं सेटिंग दिलं तर कागद भिजून लाटांसारखा होतो आणि शाईही भरमसाट जाते.

उलटी बाजू हा तर ठरलेला घोळ, विशेषतः मॅट कागदात. कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. जी बाजू चिकटल्यासारखी वाटते ती छपाईची.

ए४ ग्लॉसी घेऊन त्यातून चार पोस्टकार्ड आकाराचे फोटो काढू, ही कल्पना कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात १५२ मिलिमीटरचे दोन फोटो एकाखाली एक ठेवले की ३०४ होतात आणि ए४ ची उंची आहे २९७. चार बसतात ते ९×१३ सेंमीचे.

उघड्या पाकिटातला कागद दमट हवेत वळतो आणि वळलेल्या कडेला हेड घासून काळा डाग पडतो. डाग पुसायला हेड साफ करणारे लोकही आहेत. पाकीट बंद करून आडवं ठेवलं असतं तर दोन्ही वाचलं असतं.

बॉर्डरलेसची हौस

कडेपर्यंत फोटो भरायचा म्हणजे प्रिंटर चित्र थोडं मोठं करतो आणि कडेच्या बाहेरही शाई फवारतो. ती आतल्या पॅडवर पडते. लहान कागदावर हे प्रमाण जास्त जाणवतं. ड्रायव्हरमध्ये बॉर्डरलेससाठी चित्र किती वाढवायचं याचा पर्याय असतो, तो कमीत कमी ठेवा. फ्रेममध्ये जाणाऱ्या फोटोला तर बॉर्डरलेस लागतच नाही, कडा फ्रेमखालीच जाणार.

काळा-पांढरा म्हणजे स्वस्त

नाही. चार रंगांच्या बऱ्याच प्रिंटरांत ग्लॉसी कागदावर पिगमेंट काळा वापरलाच जात नाही. निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून काळं तयार होतं. त्यामुळे कृष्णधवल फोटोला रंगीत शाई दणकून लागते आणि वर त्यात हिरवट झाक येते ती वेगळीच. असे फोटो नियमित काढणाऱ्यानं राखाडी शाई असलेला प्रिंटर बघावा.

स्वस्त शाईबद्दल

दुसऱ्या कंपनीची शाई वापरूच नये, असं माझं म्हणणं नाही. पण डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईच्या जागी पिगमेंट किंवा उलट भरू नका, अर्ध्या टाकीवर वेगळी शाई ओतू नका, आणि शाई बदलली की जुनी प्रोफाइलं चुकणार हे धरून चाला. पहिले काही फोटो रंग जुळवण्यातच जातील. टिकाऊपणा घरीच तपासता येतो: एका फोटोचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानं झाकून खिडकीशी काही आठवडे ठेवा आणि मग दोन्ही अर्ध्यांची तुलना करा. चिप असलेल्या कार्ट्रिजांच्या बाबतीत फर्मवेअर (प्रिंटरच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट झाल्यावर बाहेरची कार्ट्रिजं नाकारली जाऊ शकतात, तेव्हा दहा-दहाचा साठा करून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय शाई जुनी होते. बसवलेलं कार्ट्रिज सहा महिन्यांच्या आत संपवा असं बऱ्याच कंपन्या सांगतात.

तिन्ही रंग एकाच डबीत असलेलं कार्ट्रिज फोटोंसाठी मात्र टाळाच. समुद्राचे चार फोटो काढले की निळा संपतो आणि उरलेल्या दोन रंगांसकट डबी फेकावी लागते.

टँक घ्यावा का

महिन्याला पन्नास-शंभर फोटो काढणाऱ्याला टँक परवडतो यात वाद नाही. ७० मिलीची बाटली आणि जेमतेम दहा मिलीचं कार्ट्रिज यांची तुलनाच होत नाही. पण वर्षात चार सणांपुरते फोटो काढणाऱ्याची टाकीतली शाई वापरण्याआधी जुनी होईल आणि हेड वाळण्याची भीती कायम राहील. अशा घरात साधे पोस्टकार्ड आकाराचे फोटो लॅबमधून आणावेत. वजनकाट्यावरून काढलेला तुमचा आकडा, त्यात कागदाचा दर मिळवून, लॅबच्या दराशेजारी ठेवलात की हे एका मिनिटात ठरतं. प्रिंटर आधीच घरात असेल तर तो वेगळा कागद, विचित्र आकार, रात्री अचानक लागणारा पासपोर्ट फोटो अशा लॅबला न जमणाऱ्या कामांसाठी ठेवा आणि आठवड्याचं ते छोटं रंगीत चित्र तेवढं चुकवू नका.